देवळालीचा ताप : प्रकल्प नोंदी

१ जून

नाशिक रोडच्या आमच्या वाचनालयात ऑगस्टमध्ये प्रदर्शन आहे. ‘नाशिकनं जगाला काय दिलं?’ हा विषय. द्राक्षं, नोटांचा छापखाना, तोफखाना हे तिन्ही समितीतल्या ज्येष्ठांनी पहिल्या दहा मिनिटांत आपसांत वाटून घेतले. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं तेव्हा मी म्हटलं, मी एक शब्द घेतो. कोणता? डूलॅली. यावर एका काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं, “आइस्क्रीम आहे का हे?”

सहा फलक मंजूर. दोन फूट बाय तीन फूट, प्रत्येकी दीडशे शब्द.

हा शब्द मला ताईमुळे कळला. ताई इंग्लंडात लेस्टरला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातला प्रिंटर पानामागून पान कोरं काढायला लागला, तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, हा डूलॅली झालाय. म्हणजे काय? म्हणजे डोकं फिरलंय. शब्द कुठला? तिकडचाच, इंडियातला कुठलातरी. ताईनं घरी जाऊन शोधलं आणि रात्री साडेबाराला (आमच्या) फोन केला, “अरे, हे आपलं देवळाली आहे!” आमचं आजोळ देवळाली कॅम्पात. ती खूश होती की चिडली होती, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

४ जून

आधी आजचा अर्थ पक्का करून घेतोय. ताईला सांगितलं होतं की शब्द कानावर पडला की लिहून पाठव. आलेली यादी: प्रिंटर. रोजचा रस्ता विसरून भलतीकडेच नेणारा फोनमधला नकाशा. चष्मा फ्रीजमध्ये ठेवणारी कुणाची तरी आजी. सेलच्या दिवशी दुकानाच्या दारात लोटलेली गर्दी.

यात कुणीही खरोखर वेडं नाही. मराठीत ‘वेडा’ लिहिलं तर ते फार जड होईल. ‘सटकलाय’, ‘चक्रम’, ‘स्क्रू ढिला’ या घरातला शब्द आहे. बराचसा लाडाचा, थोडा चिडीचा, आणि उतरेल असं गृहीत धरलेला. अमेरिकनांच्या तोंडी सहसा सापडत नाही, हा ब्रिटिशांचाच.

एक गोष्ट मात्र गमतीची. इंग्रज माणूस बहुतेक वेळा ‘डूलॅली गेला’ असं म्हणतो. त्यांच्याकडे काहीतरी बिघडलं, आंबलं, वेडं झालं की ‘जाणे’ हेच क्रियापद लागतं. आपल्याकडेही माणूस कामातून जातो, दूध वाया जातं. पण देवळाली हे गाव आहे. तिथे खरोखरच जाता येतं, नाशिक रोडनंतरचं मुंबईकडचं पहिलंच स्टेशन. ज्या सैनिकांनी हा शब्द घडवला त्यांना या ‘जाण्या’त गाडीचं तिकीटही ऐकू येत असणार, असं मला वाटतं. फलकावर घालणार नाही, हा माझा तर्क आहे.

९ जून

पहिला फलक लिहिला आणि फाडला.

मी लिहिलं होतं: ‘देवळालीला इंग्रज सैनिकांसाठी वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून हा शब्द आला.’ ही कथा सगळीकडे सांगितली जाते आणि चटकन पटते, कारण सगळ्या भाषा हेच करतात. लंडनच्या बेथलेम इस्पितळाचं बोलीत ‘बेडलम’ झालं आणि पुढे बेडलम म्हणजे नुसता गोंधळ. आपल्याकडे पुण्याचा माणूस ‘याला येरवड्याला पोचवा’ म्हणतो, मुंबईचा ठाण्याचं नाव काढतो. इस्पितळ आलं की गावाच्या नावाला तो वास लागतोच. तेव्हा देवळालीतही इस्पितळच असणार, असं कुणालाही वाटेल.

मामांना फोनवर वाचून दाखवलं. मामांचा सगळा जन्म कॅम्पात गेला. म्हणाले, “वेड्यांचं इस्पितळ? अरे, इथे लोक बरे व्हायला येतात!” खरंच आहे. पारशी, गुजराती, जैन मंडळींची आरोग्यभवनं, बंगले, हवापालटासाठी मुंबईहून येणारी कुटुंबं, ही देवळालीची आमच्या आठवणीतली ओळख. मामांचं म्हणणं हा काही पुरावा नव्हे, पण त्यामुळे मी थांबलो आणि जुनी माणसं काय लिहून गेलीत ते बघायला बसलो. तीन संध्याकाळी गेल्या. बऱ्या गेल्या.

१३ जून

फ्रँक रिचर्ड्स. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स पलटणीतला साधा शिपाई, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात होता. त्या दिवसांच्या आठवणी १९३६ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. त्यात देवळाली आहे.

तो सांगतो ते थोडक्यात असं. नोकरीची मुदत संपलेले सैनिक आपापल्या पलटणींतून देवळालीला पाठवले जात आणि जहाज येईपर्यंत तिथेच राहत. कधी कधी काही महिने. हत्यारं, सामान आधीच काढून घेतलेलं. अधूनमधून कपड्यालत्त्याची तपासणी, क्वचित एखादी लांबची चाल, बस्स. दिवस जाता जात नसे. नोकरीभर ज्यांच्या नावावर एकही ठपका नव्हता अशी माणसं इथे येऊन भानगडी करत, आणि घरी जायच्या ऐवजी तुरुंगात जात. कुणाला बाजारातून गुप्तरोग लागे, की तो इस्पितळात. इस्पितळ आलं खरं, पण ते या कारणानं!

मग तो म्हणतो की विचित्र वागणाऱ्या माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणतात, ते, मला वाटतं, या छावणीतल्या कंटाळ्यामुळे माणसं जशी वागत त्यावरून आलं असावं.

‘मला वाटतं’ हे त्याचेच शब्द. शब्दांच्या कुळकथा सांगणारे शंभरातले नव्वद लोक एवढंही म्हणत नाहीत. हा शिपायाचा प्रामाणिकपणा मी फलकावर जसाच्या तसा ठेवणार आहे, शब्द दीडशेच्या वर गेले तरी.

तर शब्दाला इस्पितळाची गरजच नाही. वाट बघणं पुरेसं आहे.

१५ जून

छावणी १८६१ ची. थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसाऱ्याच्या घाटातून, रेल्वे चढायला लागली १८६५ मध्ये. मधली चार वर्षं घाटाचा तुकडा रस्त्यानंच चढावा लागला असणार. पण जागा का निवडली ते नकाशा पाहिला की कळतं: मुंबई बंदराच्या जवळ, तरी घाटाच्या वर, हवा बरी, सपाट माळ मोप.

इथून दोन्ही प्रवाह जात. विलायतेहून मुंबईला उतरलेले नवे रंगरूट इथे येऊन दम खात आणि मग पंजाब, मध्य प्रांत, कुठे कुठे वाटले जात. आणि उलट दिशेनं मुदत संपलेले इथे गोळा होत. म्हणजे गोरेपान, घाबरलेले आणि रापलेले, वैतागलेले असे दोन्ही एकाच छावणीत. जुन्यांनी नव्यांना काय काय शिकवलं असेल, त्यात शब्दही असणारच.

जहाजांचं वेळापत्रक हा या सगळ्याचा कणा. १८६० च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या फौजेसाठी खास पाच जहाजं बांधली गेली: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार, सेरापिस. फौजेची ने-आण साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढीच. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून माणसं न्यायची नाहीत, पावसाळ्यात अरबी समुद्रात घालायची नाहीत. ज्याची मुदत एप्रिलात संपली त्यानं काय करायचं? बसायचं. चैत्र, वैशाख, मग अख्खा पावसाळा.

त्यात १८७० मध्ये इंग्लंडात कमी मुदतीच्या भरतीचा कायदा आला. आधी शिपाई जवळजवळ आयुष्यच पलटणीत काढायचा, आता काही वर्षं नोकरी आणि उरलेला काळ राखीव. म्हणजे दरवर्षी मुदत संपणाऱ्यांची रांग वाढली. शब्द या रांगेत तयार झालाय असं माझं मत आहे.

१६ जून

समितीतल्या एका बाईंनी मजकूर वाचून विचारलं, “पण तुम्ही उन्हाचं काहीच लिहिलं नाही? उन्हानंच डोकी फिरली असतील ना.” त्यांनी बीबीसीची जुनी विनोदी मालिका पाहिलीय, ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’, १९७४ ते ८१. नावातच उकाडा! सुरुवातीचे भाग देवळालीच्या तोफखाना छावणीत घडतात. लिहिणाऱ्या दोघांपैकी जिमी पेरी दुसऱ्या महायुद्धात स्वतः देवळालीला होते, सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकात. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडात, आणि मुख्य हिंदुस्थानी पात्र रंग फासलेल्या गोऱ्या नटानं केलेलं, त्यामुळे आज ती सहसा दाखवत नाहीत. पण ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीला देवळाली हे नाव या मालिकेनं ऐकवलं हे खरं.

उन्हाबद्दल माझं उत्तर: बाई, तुम्ही जळगावच्या, तुम्ही देवळालीला गरम म्हणता? मे महिन्यातली दुपार सोडली तर रात्री अंगावर पांघरूण लागतं. लाहोर, झाशी, मुलतान काढून आलेल्या शिपायाला देवळाली थंड हवेचं ठिकाण वाटलं असेल. तिथे आधी जे भट्टीत भाजून निघाले ते इथल्या गारव्यात बिघडले. ऊन कारण असतं तर शब्द झाशीच्या नावावर गेला असता.

(बाई हसल्या. मग म्हणाल्या, “जळगावची चेष्टा फलकावर नको.” बरोबर आहे.)

२० जून

आता ‘टॅप’. या प्रकल्पातली माझी सगळ्यात आवडती जागा.

१९२५ मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश काढला. त्यात नोंद आहे: देवळाली टॅप, किंवा डूलॅली टॅप, डोकं फिरलेला, जुन्या फौजेतला शब्द. म्हणजे तेव्हा दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदत होती. गावाचं खरं नाव अजून दिसत होतं, आणि ‘टॅप’ मागे जोडलेला होता.

हा टॅप म्हणजे ताप. इंग्रजी कोश त्याचं मूळ हिंदुस्थानीत दाखवतात, ज्वर या अर्थी. फारसीत तो तब, संस्कृतात ताप, दोन्ही एकाच जुन्या घरातले. लॅटिनमार्गे इंग्रजीत गेलेला ‘टेपिड’, कोमट या अर्थाचा, तोही याच कुळातला. थोडक्यात, इंग्रजीत हा धातू दोनदा शिरला: एकदा कोमट होऊन आणि एकदा देवळालीचा ज्वर होऊन.

पण मराठी माणसाला कोश लागतच नाही! ताप म्हणजे अंगातला ज्वर, आणि ताप म्हणजे डोक्याला होतो तो. ‘काय ताप आहे’, ‘डोक्याला ताप’, ‘उगाच ताप देऊ नकोस’. ‘देवळाली ताप’ हे दोन शब्द मी मामींना नुसते म्हणून दाखवले. त्या म्हणाल्या, “आहेच की. पाणी एक दिवसाआड.” छावणीत हिवताप होता, आणि डोक्याला तापही होता. इंग्रज शिपायानं यातला कुठला उचलला? बहुधा पहिला, थट्टेनं. आपल्याला मात्र दोन्ही एकदम ऐकू येतात.

इंग्रजाच्या कानाला ‘टॅप’मध्ये ज्वर नव्हताच. त्याच्या भाषेत टॅप म्हणजे टिचकी, टकटक, नाहीतर पाण्याचा नळ. डोक्यावर कुणीतरी टिचकी मारली असं काहीसं वाटून चाललं काही काळ. मग अर्थ न लागणारं शेपूट गळून पडलं. उरलं फक्त ‘डूलॅली’, विशेषण म्हणून. आधी देवळालीचा ताप ‘होत’ असे. आता माणूस नुसता डूलॅली ‘असतो’. आजार गेला, स्वभाव राहिला. गावही गेलं: ताईच्या ऑफिसातल्या त्या बाईला शब्दात गाव दिसत नव्हतं, नुसता नाद ऐकू येत होता, लहान मुलाच्या गाण्यातल्यासारखा.

माझ्या मते शब्द सौम्य झाला तो या नादामुळेच. डू-लॅ-ली. एवढ्या लडिवाळ आवाजाला कुणाचा अपमान करणं जड जातं.

२३ जून

उच्चाराचा फलक. देवळालीतला दंत्य ‘द’ इंग्रजाच्या जिभेवर नाही, तो ‘ड’ झाला. ‘ळ’ नाही, तो ‘ल’. स्पेलिंगमधले ‘ई’ आणि ‘ओ’ एकत्र येऊन ‘ऊ’ झाले. यात वेगळं काही नाही. असंच विलायतीचं ‘ब्लायटी’ झालं, म्हणजे शिपायाचा मायदेश. पक्का, देखो, चिठ्ठी, लूट हेही याच वाटेनं गेले. आमच्या घरचा म्हणावा असा मुंगूस ‘मंगूस’ होऊन गेला, तो खास मराठीतून.

त्या यादीत डूलॅली वेगळा आहे, कारण बाकीचे सगळे बोलीतले साधे शब्द, आणि हा गावाचं नाव. लूट म्हटल्यानं कुणाचं गाव बदनाम होत नाही.

२७ जून

मुद्रणालयातून प्रूफ आलं. सहाही फलकांवर ‘देवलाली’. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना ळ कुठे गेला ते ऑपरेटरलाही सांगता येईना. मी फलकभर इंग्रजांनी ळ कसा गमावला ते लिहिलंय, आणि आपण तो इथे नाशिक रोडला, पाच किलोमीटरवर गमावला. हसावं की रडावं! शिवाय छायाचित्र देवळाली प्रवराचं लागलंय. ते राहुरी तालुक्यात. नेटवर देवळाली शोधलं की दोन्ही एकदम येतात, तेव्हा चूक त्यांची एकट्याची नाही, फोटो मीच पाठवला होता.

सगळं परत. सनबोर्डचे पैसे मात्र अजून लागले नव्हते, नशीब.

२ जुलै

मामांकडे जाऊन आलो. जुना बाजार, लॅम रोड, खंडोबाची टेकडी, नवे फोटो काढले. पाऊस बारीक. टेकडीवरून लष्कराची हद्द दिसते, तिकडे कॅमेरा वळवला नाही.

मामांना एक प्रश्न बरेच दिवस छळत होता तो त्यांनी विचारला, “म्हणजे विलायतेत आमच्या गावाचं नाव घेऊन एकमेकांना वेडा म्हणतात, आणि तू ते वाचनालयात लावणार?” मी म्हटलं, मामा, त्यांना गाव माहीतच नाही. “मग तर आणखी वाईट,” मामा म्हणाले, आणि चहा ओतायला लागले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मामांना न विचारता त्यांचं वाक्य पाचव्या फलकावर घातलं होतं, आज विचारलं. “घाल. पण नाव नको.”

आणखी एक बाजू आहे. ब्रिटनमध्ये आता काही जण हा शब्द जपून वापरतात. मनाच्या आजाराची थट्टा नको, या कारणानं. देवळालीचं काय, हा प्रश्न त्यात नसतोच. मला ती काळजी रास्त वाटते, आणि तरी शब्दाचा उगम वाचल्यावर वाटतं की त्यांच्या मूळ शिपायांना खरोखरच मनाचा आजार होता, फक्त त्याला तेव्हा कुणी आजार म्हटलं नाही, शिक्षा दिली. हे एक वाक्य तिसऱ्या फलकात घुसवलं. दीडशेचे एकशे ऐंशी झाले.

८ जुलै

सहावा फलक: घरवापसी.

२००९ मध्ये पुण्यात बिअर गाळणारी एक छोटी भट्टी निघाली, मायक्रोब्रुअरी म्हणतात ती. नाव ‘डूलॅली’. पुढे मुंबईत त्यांच्या ‘टॅपरूम’ निघाल्या. डूलॅली टॅपरूम! कधीच गळून पडलेला टॅप परत येऊन त्याच शब्दाला चिकटला, फक्त आता तो ज्वर नाही, बिअरची तोटी आहे. देवळालीच्या माळावर दारूत दिवस ढकलणाऱ्या त्या शिपायांना हे आवडलं असतं.

आणि कसं बघा: पुण्यातलं पोरगं पाटीवर डूलॅली वाचतं ते इंग्रजी शब्द म्हणून. दोनशे किलोमीटरवरच्या गावाचं नाव लंडनला जाऊन आलं, आणि परत आल्यावर घरच्यांनी ओळखलं नाही.

समितीचं म्हणणं, वाचनालयात बिअरचा फोटो नको. तोटीचं रेखाचित्र चालेल असं ठरलं. मुलांना पाण्याचा नळ वाटेल. वाटू दे, इंग्रजांनाही तसंच वाटलं होतं.

१९ जुलै

फलक छापून आले. ळ जागेवर आहे, सहाही ठिकाणी. मोजून पाहिले.

ताईनं त्या ऑफिसातल्या बाईंचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय, त्यांच्या परवानगीनं. चार सेकंद. त्या एकदा ‘डूलॅली’ म्हणतात, मग ताई ‘देवळाली’ म्हणते, मग त्या ‘ळ’ म्हणायचा प्रयत्न करतात आणि दोघी हसतात. हे फलकाखाली क्यूआर कोडवर द्यायचं होतं. माझ्या फोनवर उघडतं, ग्रंथपालांच्या फोनवर भलतंच काहीतरी उघडतं, एका कुकरची जाहिरात. ग्रंथपाल म्हणाले, “तुमचा कोड डूलॅली झालाय.”

शब्द त्यांना परवा मीच शिकवला होता.

उद्या दुपारी नवा स्टिकर. डबल टेप, कात्री घेऊन जाणे. मामांना चार वाजता स्टेशनवरून घेणे, गाडी वेळेवर असली तर.